दोन पुस्तके, एक चिठ्ठी आणि अर्धा डबा

वाचकाचे पत्र (थोडक्यात): मी मूळचा सांगलीचा असून गेली १४ वर्षे टेक्सासमध्ये राहतो. आता अमेरिकेचा नागरिक आहे. .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल मी रेंजवर कागदी लक्ष्यावर चालवतो आणि आता काडतुसे घरीच भरायची ठरवली आहेत. प्रेस, डाय, डिजिटल काटा, कॅलिपर आणि ट्रिमर घेतले आहेत. गोळ्या १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे माप) आहेत. दोन पुस्तके विकत घेतली, पण एकाच पावडरसाठी त्यांतील सुरुवातीच्या लोडमध्ये, म्हणजे काडतुसात भरायच्या पावडरच्या वजनात, जवळजवळ दोन ग्रेनचा फरक आहे. रेंजवरच्या एका अनुभवी मित्राने स्वतःचा लोड चिठ्ठीवर लिहून दिला. तो एका पुस्तकाच्या कमाल आकड्याच्या आत आहे आणि दुसऱ्याच्या बाहेर. त्याच मित्राने पावडरचा अर्धा डबाही दिला आहे, त्यावर मार्करने ‘४८९५’ लिहिले आहे. पुंगळ्या रेंजवर गोळा केलेल्या आहेत, बहुतेक सैन्याच्या. पत्नी म्हणते, भीती वाटत असेल तर पावडर अगदी थोडी भरा, म्हणजे प्रश्नच मिटला. नेमकी सुरुवात कुठून करू?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बरेच विचारले आहे, पण ज्याविषयी काहीच विचारलेले नाही त्या अर्ध्या डब्यापासून मी सुरुवात करतो, कारण तुमच्या बाकावरची सर्वांत धोक्याची वस्तू तीच आहे. ‘४८९५’ हे एका पावडरचे नाव नव्हे, तो केवळ आकडा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या गॅरंड रायफलीच्या काडतुसांत या आकड्याची पावडर वापरली जात असे. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी तिचा शिल्लक साठा सरकारकडून घेऊन हौशी नेमबाजांना विकला, आणि घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत पसरण्यामागे त्या स्वस्त पावडरचा मोठा हात होता. आज बाजारात आयएमआर ४८९५ आहे आणि एच ४८९५ही आहे. दोन्ही नाममुद्रा आता एकाच कंपनीकडे असल्या तरी पावडरी दोन आहेत, त्यांचे ज्वलन सारखे नाही आणि पुस्तकांत त्यांचे तक्तेही वेगळे छापलेले असतात. दोन्ही दिसायला काळसर करड्या, बारीक काड्यांसारख्या. मूग आणि मटकी एकत्र झाली तर निवडता येते, येथे ती सोय नाही. मित्राने डब्यावर लिहिले ते खरेच असेल, परंतु कोणती ४८९५, कोणत्या लॉटची (कारखान्यातल्या कोणत्या खेपेची), किती वर्षांपूर्वीची आणि मापकात उरलेली दुसरी एखादी पावडर चुकून त्यात परत ओतली गेली होती की नाही, यांतले काहीच त्या मार्करच्या अक्षरांवरून कळत नाही. तो डबा वापरू नका. विल्हेवाट कशी लावायची ते तुमच्या भागातील अग्निशमन दलाला विचारा आणि कंपनीच्या मूळ डब्यातली, सील असलेली नवी पावडर आणा. तीस-चाळीस डॉलरची काटकसर येथे कामाची नाही.

आता पुस्तकांविषयी. दोन पुस्तकांचे आकडे जुळत नाहीत म्हणून त्यांपैकी एक चुकले आहे असे तुम्ही मनात धरले आहे, पण दोन्ही बरोबर आहेत. प्रत्येक प्रकाशक आपल्या प्रयोगशाळेत एका विशिष्ट नळीत, विशिष्ट कंपनीच्या पुंगळीत, विशिष्ट प्राइमरवर (पुंगळीच्या बुडात बसणारी, पावडर पेटवणारी टोपी) आणि त्या दिवशी हाती असलेल्या पावडरच्या लॉटवर दाब मोजतो आणि जे मिळाले ते छापतो. १६८ ग्रेन हे तर गोळीचे फक्त वजन झाले. तांब्याचे आवरण आणि आत शिसे असलेली गोळी आणि त्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी यांत दुसरी लांब असते, कारण तांबे शिशापेक्षा हलके आहे. ती पुंगळीत अधिक खोल बसते, पावडरीची जागा खाते आणि नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) शिरतानाही अधिक अडते. वजन तेच असूनही दाब वेगळा. म्हणून पुस्तक उघडताना पहिले पाहायचे ते गोळीचे वजन नव्हे, तर गोळीची कंपनी आणि नेमका प्रकार. गोळी बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे पुस्तक असेल तर पहिला मान त्याला द्यावा आणि पावडर बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता शेजारी ठेवावा.

दोन्हींत तुमचीच गोळी आणि तुमचीच पावडर सापडली, तर त्यांपैकी जो सुरुवातीचा आकडा लहान असेल तिथून आरंभ करा. जी कमाल मर्यादा लहान असेल तीच तुमची कमाल. एखाद्या तक्त्यात फक्त कमाल आकडा दिलेला असतो. तिथे जुना आणि सर्वमान्य रिवाज असा की कमालपेक्षा दहा टक्के खालून सुरू करायचे. निव्वळ गणितासाठी, तुमच्या काडतुसात मावणारच नाही असा आकडा घेतो: कमाल ६० ग्रेन असेल तर आरंभ ५४ वर. या उत्तरात .३०८ साठीचा प्रत्यक्ष लोड मी मुद्दामच कुठेही लिहिलेला नाही, कारण वर्तमानपत्राच्या स्तंभातून उतरवून घेतलेला आकडा आणि मित्राच्या चिठ्ठीवरचा आकडा यांची लायकी सारखीच.

त्या चिठ्ठीबद्दल मित्राचा राग धरू नका. त्याच्या रायफलीत तो लोड उत्तम चालत असेल, यात मला शंका नाही. परंतु त्याच्या चेंबरची (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीची) मापे, नळीच्या आट्या कुठे सुरू होतात ते अंतर, त्याच्या पुंगळ्या, त्याचा काटा, हे सारे त्या एका आकड्यात मुरलेले आहे, आणि ते चिठ्ठीवर उतरत नाही. शिवाय तो बहुधा पायरी पायरीने चढत तिथवर पोचला आहे, आणि तुम्हाला त्याने शेवटची पायरी दिली आहे.

ही पायऱ्यांची भानगड कशासाठी, हे समजले की पुढचे सगळे आपोआप पटते. नायट्रोसेल्युलोजच्या पावडरीचा स्वभाव असा की भोवतालचा दाब जसा वाढतो तशी ती अधिक वेगाने जळते, आणि अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे पावडर आणि दाब हे सम प्रमाणात चालत नाहीत. पावडर एक टक्का वाढवली तर दाब साधारण दोन टक्के किंवा त्याहूनही अधिक वाढतो, आणि मर्यादेजवळ हा चढ अधिकच तीव्र होतो. अमेरिकेत काडतुसांची मानके ठरवणारी, १९२६ साली स्थापन झालेली सामी ही संस्था .३०८ विंचेस्टरसाठी कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) धरते. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी वाजते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा सुमारे १५ पीएसआय अधिक दाब असतो. चार हजारांहून अधिक कुकर एकावर एक ठेवले आहेत आणि त्यांच्या झाकणापासून तुमचा गाल चार-पाच इंचांवर आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.

मग पत्नी म्हणते ते का चालणार नाही? त्यांची काळजी रास्त आहे, पण उपाय उलटा आहे. पुस्तकात ‘सुरुवातीचा लोड’ म्हणून जो आकडा असतो तो तळमजला आहे, त्याखाली जिना नाही. रायफलीच्या मंद पावडरीला नीट पेटण्यासाठी पुंगळीत पुरेशी भर आणि गोळीचा पुरेसा अडथळा लागतो. खूप कमी भरली की आडव्या पुंगळीत पावडर तळाशी पसरते, वर मोकळी पोकळी राहते आणि प्राइमरची ज्योत तिच्यावरून निघून जाते. बार उशिरा होतो, अर्धवट होतो, किंवा गोळी नळीतच अडकते. ‘फट्’ असा पडका आवाज आला, धक्का जाणवला नाही, आणि नेमबाजाने सवयीने बोल्ट ओढून दुसरे काडतूस सारले, तर दुसरी गोळी पहिलीच्या पाठीवर आदळते आणि नळी फाटते. असा आवाज आला की रायफल रेंजकडेच रोखून अर्धा मिनिट थांबायचे, मग बोल्ट काढून नळीत मागून पाहायचे. प्रकाश आरपार दिसल्याशिवाय पुढचे काडतूस नाही.

याला एक नावाजलेला अपवाद आहे. एच ४८९५ साठी हॉजडन कंपनीनेच असे प्रसिद्ध केले आहे की तिच्या तक्त्यातील कमाल लोडच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येते. नवशिक्या मुलांसाठी सौम्य धक्क्याची काडतुसे अशीच भरली जातात. आता पुन्हा त्या अर्ध्या डब्याकडे पाहा. ही मुभा एच ४८९५ ला आहे, तिच्या नावबहिणीला नाही, आणि तुमच्या डब्यात दोघींपैकी कोण आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पत्नीला खरोखर हलका धक्का हवा असेल तर सील असलेली एच ४८९५ आणून, कंपनीचा तो मजकूर समोर ठेवून भरता येईल.

पुंगळ्यांचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकला आहे, माझ्या मते तो जास्त वेळ मागतो. सैन्याच्या ७.६२ च्या (.३०८ च्या सैनिकी जोडीदाराच्या) पुंगळ्यांची भिंत बहुधा जाड असते. बाहेरचे माप तेच, म्हणजे आतली जागा कमी. जागा कमी तिथे तीच पावडर अधिक दाब निर्माण करते. म्हणून एकाच शिक्क्याच्या पुंगळ्या निवडून वेगळ्या करा, बाकीच्या सध्या डब्यात राहू द्या. निवडलेल्यांतल्या दहा वजन करून पाहा, फार विखुरलेल्या असतील तर तो गट सोडून द्या. त्यांचा प्राइमर चेपून बसवलेला असतो, ती कड काढल्याशिवाय नवा प्राइमर सरळ बसणार नाही. आणखी एक पाहायचे राहते. कागद अडकवायची तारेची क्लिप सरळ करून तिचे टोक काटकोनात जरासे वाकवा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून तळापासून वर ओढत आणा. तळापासून बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या अंतरावर टोक खळग्यात अडखळले, तर तिथे धातू ताणून पातळ झालेला आहे. बाहेरून त्याच जागी एक फिकट चकचकीत कडे दिसेल. मशीनगनमधून एकदा निघालेल्या पुंगळीत हे वारंवार आढळते. अशी पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होऊन अर्धी चेंबरमध्येच राहू शकते. पक्कडीने चेपून टाका, म्हणजे कोणी चुकूनही ती पुन्हा उचलणार नाही. पुंगळीची लांबीही मोजा. .३०८ साठी कमाल २.०१५ इंच आहे, आणि कापून ती २.००५ वर आणण्याचा प्रघात आहे. लांब मान चेंबरच्या टोकाला दाबली गेली की गोळीला सुटायला जागा मिळत नाही, आणि मग लोड सुरुवातीचा असूनही दाब कमाल होतो. भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी पुस्तकात तुमच्या गोळीसमोर दिलेली असेल तीच ठेवा. अचूकतेसाठी गोळी आट्यांना टेकवून बसवण्याचे प्रयोग पुढे कधीतरी, तेही पुन्हा तळापासून.

वजनाविषयी एक विषयांतर करतो, ते सोडवत नाही. ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची, आणि तुमची १६८ची त्याहून जराशी हलकी. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा, या हिशेबाने एक गुंज होते १.८७५ ग्रेन. तुम्हाला पावडर मोजायची आहे ०.१ ग्रेनपर्यंत, म्हणजे गुंजेचा एकोणिसावा भाग. आपले सराफ काटा काचेच्या पेटीत का ठेवत, ते यावरून ध्यानात यावे. मी हे शिकलो ते उशिरा. एका उन्हाळ्यात माझ्या सगळ्या लोडचा वेग अकारण वाढलेला दिसू लागला. पावडर तीच, लॉट तोच, वहीतला आकडाही तोच. दोन आठवडे उन्हाला दोष दिल्यानंतर एका रात्री मी काट्यावर तपासणीचे वजन ठेवले आणि पाहत राहिलो. छतातला एसी चालू झाला, आणि काट्यावरचा आकडा, कोणी हात न लावता, ०.४ ने खाली सरकला. काटा कमी दाखवत होता, म्हणजे मी प्रत्येक पुंगळीत तेवढी पावडर जास्त घालत होतो. मी कमालच्या बराच खाली होतो म्हणून ती गोष्ट आज स्तंभात सांगण्याजोगी राहिली. तेव्हापासून माझ्या बाकावर तपासणीच्या वजनांची डबी असते. काटा सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा, वजन ठेवून पाहायचे, दर दहा पुंगळ्यांनी पुन्हा पाहायचे आणि शेवटीही पाहायचे. मोबाइल बाकापासून दूर. बाकावर पावडरचा डबा एका वेळी एकच.

आता प्रत्यक्ष चढण. सुरुवातीच्या आकड्यावर तीन काडतुसे भरा. पुढची तीन ०.४ ग्रेनने वर, मग त्याच्या पुढची तीन, अशा पाच पायऱ्या करा. सर्वांत वरची पायरीही कमालच्या खाली राहील असे पाहा. पावडर भरल्यावर गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चच्या उजेडात पातळी पाहा. .३०८ मध्ये योग्य पावडरीने पुंगळी बरीचशी भरते, दुप्पट घातली तर सांडते, त्यामुळे ती चूक लपत नाही, पण रिकामी राहिलेली किंवा अर्धी भरलेली पुंगळी मात्र डोळ्यांनीच सापडते. प्रत्येक गटावर लोड, तारीख, पावडरचा लॉट क्रमांक आणि प्राइमरचे नाव लिहा. यांतले काहीही बदलले, अगदी त्याच पावडरचा नवा डबा उघडला तरी, कमालच्या जवळ चालत असाल तर पुन्हा खाली येऊन चढायचे.

रेंजवर खालच्या पायरीपासूनच सुरू करा आणि प्रत्येक बारानंतर पुंगळी हातात घेऊन उलटी करा. प्राइमरची कड गोलसर असायला हवी. ती सपाट होऊन सभोवतालच्या खाचेत पसरली असेल, किंवा पिनने पाडलेल्या खळग्याभोवती ज्वालामुखीच्या तोंडासारखी कड उठली असेल, तर थांबा. पुंगळीच्या बुडावर, शिक्क्याच्या अक्षरांवरून चंद्रकोरीसारखी चकाकणारी पुसट खूण दिसली, तर ती इजेक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) भोकात पितळ दाबले गेल्याची आहे, तिथेही थांबा. बोल्टची मूठ उचलायला नेहमीपेक्षा जोर लागला, तर तो अर्थ उलगडत बसू नका, थांबाच. मात्र या खुणांवर फार विसंबून राहू नये. मऊ प्राइमर कमी दाबालाही चपटतो, कठीण प्राइमर जास्त दाबालाही गोल राहतो, आणि चंद्रकोर दिसते तोवर अनेकदा मर्यादा ओलांडलेली असते. खुणा नाहीत म्हणजे दाब ठीक आहे, असा उलटा निष्कर्ष तर काढूच नका. वेग मोजण्याचा क्रोनोग्राफ यापेक्षा प्रामाणिक आहे. पुस्तकात कमाल लोडचा वेग आणि कसोटीच्या नळीची लांबी, बहुधा २४ इंच, छापलेली असते. तुमची नळी २० इंची असेल तर इंचामागे साधारण २० ते २५ फूट प्रतिसेकंद वजा करा. त्या हिशेबाने कमालचा वेग तुम्हाला दोन पायऱ्या आधीच मिळाला, तर पावडर कमी असली तरी दाब कमालचाच आहे. वेग फुकट मिळत नाही. टेक्सासच्या उन्हाचेही भान ठेवा: जुलैत गाडीत तापलेले किंवा गरम चेंबरमध्ये दहा मिनिटे पडून राहिलेले काडतूस जानेवारीतल्यापेक्षा अधिक दाब देते. सावलीत, पेटीत ठेवा.

कायद्याचे दोन शब्द, तुमच्यापेक्षा हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेत संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. परंतु एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना, वैध शिकार परवान्यासारखे ठरावीक अपवाद वगळता, बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, आणि त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे तयार काडतूसच नव्हे, पुंगळी, प्राइमर, गोळी आणि पावडरही येते. तेव्हा ‘मित्रासोबत नुसते भरायला बसतो’ असे म्हणण्याआधी वकिलाला विचारावे. भारतात तर परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हाच आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर सामानात विसरून राहिलेले एक काडतूसही पोलीस ठाण्यापर्यंत नेते. रेंजची पिशवी आणि सुट्टीची पिशवी वेगळी असू द्या.

शेवटी तुमच्या सामानाची यादी. त्यात क्रोनोग्राफ आणि तपासणीची वजने नाहीत, ती घ्याल. पण त्याही आधी हातोडीसारखा दिसणारा, वीसेक डॉलरचा बुलेट पुलर घ्या. तिसऱ्या पायरीवर बोल्ट जड लागला आणि तुम्ही थांबलात, तर चौथ्या-पाचव्या पायरीची सहा काडतुसे घरी परत येतील, आणि ती उघडायचे साधन घरात नसले की पुढच्या रविवारी ‘एकच मारून पाहू’ असा मोह होतो. पुलर आला की मगच प्रेस बाकाला लावा.